इंजिनात पडलेला वॉशर



आज मी एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहे. नट, वॉशर, स्क्रू, एखादी खिळी, असं काहीतरी. बाजारात तिची किंमत फार तर दोन-चार रुपये. पण ट्रॅक्टर, जीप किंवा मोटारसायकल उघडून काम चालू असताना ती हातातून निसटते. लोखंडावर आपटून ‘टिण्ण’ असा बारीक आवाज येतो, मग आणखी एक, जरा खोल गेल्यासारखा. आणि पुढे काहीच ऐकू येत नाही. ज्याने हातात पान्हा धरला आहे त्या प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण कधी ना कधी आलेला असतो. त्यानंतरच्या पाच मिनिटांत माणूस काय करतो, यावर त्या इंजिनाचं पुढचं भवितव्य अवलंबून असतं.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझं शिक्षण भाषेचं. तेव्हा या माणसाला इंजिनाची उठाठेव कशाला, असं तुमच्या मनात येईल. त्याचं उत्तर म्हणजे एक जुनी हकिकत आहे. तिच्यात चूक माझी होती, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

१९९३ सालचा जून महिना. मी तेव्हा सातवीतून आठवीत गेलो होतो. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, जमीन काळी. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि दोन दिवसांत वापसा येणार होता. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, त्यांच्याकडे तीन सिलिंडरचा एक जुना ट्रॅक्टर होता. त्यावर घरची पेरणी तर व्हायचीच, शिवाय आजूबाजूच्या पाच-सहा शेतकऱ्यांनीही आपलं रान सांगून ठेवलेलं होतं. इंजिनाला हवा पुरवणारा जो नळ असतो, त्याच्या जोडातलं पॅकिंग फाटलं होतं. तिथून गाळलेली नसलेली, धुळीची हवा आत जात होती. पेरणीपूर्वी ते बदलावं म्हणून नानांनी तालुक्याहून मिस्त्रीला बोलावलं.

माझ्याकडे काम सोपं होतं. मिस्त्री नट काढून देईल तो थाळीत ठेवायचा, मागेल तेव्हा उचलून द्यायचा. नवं पॅकिंग लावून जोडणी करायच्या वेळी मी थाळी एका हातात धरून इंजिनावर वाकलो. एक वॉशर घरंगळला आणि हेडमध्ये हवा जाण्याची जी भोकं उघडी होती, त्यांतल्या एकात गेला. मिस्त्री पलीकडच्या बाजूला पान्हा शोधत होता. त्याने पाहिलं नाही.

मी बोललो नाही. कारण सांगतो. त्याच आठवड्यात माझ्या हातून कंदिलाची काच फुटली होती आणि नानांनी माझ्या कानाखाली वाजवली होती. ती आठवण ताजी होती. मिस्त्री परत आला आणि त्याने सहज विचारलं, “सगळं आलं का रे?” मी म्हणालो, “होय.” बसवताना एक वॉशर कमी पडला. मिस्त्रीने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग आपल्या डब्यातला दुसरा काढला आणि बसवून टाकला.

नानांनी स्टार्टर मारला. इंजिनाने दोन-तीन फेरे घेतले असतील नसतील, आतून कुणी घणाचे घाव घालावेत तसा आवाज आला आणि सगळं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं. एका पिस्टनचा माथा ठेचून तडकला होता, व्हॉल्व्ह वाकला होता, लायनरवर ओरखडे उठले होते. माथ्यात रुतून बसलेला वॉशरचा तुकडा मिस्त्रीने चिमट्याने काढून नानांच्या हातावर ठेवला. नाना त्याला खूप बोलले. त्याने मान खाली घातली. मजुरी न घेता तो गेला. मी उंबऱ्याशी उभा होतो आणि तेव्हाही बोललो नाही.

ट्रॅक्टर तीन आठवडे उभा राहिला. आमची बाजरी उसन्या बैलांनी उशिरा पेरली आणि ती विरळ उगवली. ज्यांनी आमच्यावर भरवसा ठेवला होता त्यांनाही ऐनवेळी धावाधाव करावी लागली. त्या मिस्त्रीला आमच्या गावात पुन्हा कुणी बोलावलं नाही.

सहा वर्षांनी, कॉलेजात असताना, मी नानांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मोटारसायकल काढली आणि मला मागे बसवून तालुक्याला त्या मिस्त्रीच्या गॅरेजवर नेलं. मी जे घडलं ते सांगितलं. मिस्त्री म्हणाला, “मला त्याच दिवशी एक वॉशर कमी पडला होता. मी डब्यातला घातला. तिथंच मी हात थांबवायला पाहिजे होता.” त्याने आम्हांला चहा पाजला. पुढे सुटीत मी त्याच्याकडे जाऊन बसू लागलो, आणि इंजिनात पडलेली वस्तू कशी काढतात ते त्याच्याकडून शिकलो. तेच आता तुम्हांला सांगतो.

प्रथम, एवढासा वॉशर एवढं मोठं इंजिन का मोडतो ते पाहू. सिलिंडरमध्ये पिस्टन खाली-वर होत असतो. डिझेल इंजिनात आतली हवा आपल्या मूळ जागेच्या सोळा-अठराव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. एवढं दाबायचं तर पिस्टनला अगदी वरपर्यंत जावं लागतं. तो वर पोचला की त्याचा काठ आणि हेड यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जागा उरते. आमचा वॉशर दोन मिलिमीटर जाडीचा होता. दोनाला एकात जागा कशी मिळणार? त्यात इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर पिस्टन सेकंदाला तेहतीस वेळा वर येतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, वॉशर पोलादाचा. हार कुणाची व्हायची ते ठरलेलंच आहे.

आता दुसरी बाजूही लक्षात घ्या. इंजिन थांबलेलं असताना वस्तू आत पडली, तर ती अजून कुठेही पोचलेली नसते. हवेच्या मार्गात पडली असेल तर बंद व्हॉल्व्हच्या पाठीवर किंवा नळाच्या वळणात ती निवांत बसलेली असते. तिथून ती काढणं दहा मिनिटांचं काम असू शकतं. व्हॉल्व्ह उघडून तिला आत घेणारे आपणच. म्हणून पहिला नियम असा, की इंजिन फिरवायचं नाही. स्टार्टर मारायचा नाही, गाडी ढकलायची नाही, पंखा हाताने फिरवून पाहायचा नाही. किल्ली काढून खिशात ठेवा. बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे बहुधा काळी, वायर सोडवा. गाडी गिअरमधून काढा आणि चाकांना दगडाची उटी लावा, म्हणजे ती चुकूनही हलणार नाही.

मग शोधायला लागा, पण आधी बाहेर. पुष्कळदा वस्तू इंजिनात गेलेलीच नसते. चासीच्या खोबणीत, गिअरपेटीच्या खांद्यावर, वायरींच्या जुडग्यात ती अडकलेली असते. नव्या मोटारींना खालून प्लास्टिकचं ताट लावलेलं असतं, त्यात पुष्कळ काही जमा होतं. विजेरीचा उजेड आणि हजामतीचा छोटा आरसा एवढ्यावर निम्मं काम होतं. उजेडासाठी काडी किंवा चिमणी मात्र कधीही पेटवू नका, पेट्रोलची वाफ दिसत नाही. अलीकडे मोबाइलला जोडायचा, दोरीसारख्या वायरच्या टोकाला भिंग असलेला बारीक कॅमेराही मिळतो. प्लगच्या किंवा नोझलच्या भोकातून तो आत घातला की सिलिंडरचा तळ पडद्यावर दिसतो. गावातल्या चार गॅरेजांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

वस्तू दिसली की ती कशाची आहे ते ठरवा. तिच्या जोडीची दुसरी वस्तू थाळीत असतेच, तिला चुंबक लावून पाहा. चिकटली तर आतलीही चिकटेल. नोझलखालचा तांब्याचा वॉशर, पितळेचा नट, ॲल्युमिनियमचा तुकडा चुंबकाला दाद देत नाहीत.

लोखंडी वस्तूसाठी दांड्याच्या टोकाला चुंबक बसवलेलं हत्यार दुकानात मिळतं. ते नसेल तर जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं कडं उपयोगी पडतं. लांब स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला ते वर चिकटवून ठेवलं की चुंबकत्व टोकापर्यंत उतरतं. आम्ही आकाशवाणीवर बोलणारी माणसं; रेडिओ बोलायचा थांबल्यावरही त्याचा एवढा उपयोग होतो, हे मला बरं वाटतं! अडचण एकच. इंजिनाच्या भिंतीही लोखंडी असतात आणि चुंबक वाटेत त्यांनाच बिलगतं. त्यासाठी दांड्यावर रबरी नळीचा तुकडा चढवावा आणि फक्त टोक उघडं ठेवावं. शिवाय आत घालायच्या प्रत्येक हत्याराला दोरी बांधावी. एक काढायला जाऊन दुसरं आत पडलं, असं घडायला नको.

जी वस्तू चुंबकाला चिकटत नाही तिच्यासाठी काठीच्या किंवा जाड तारेच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावा आणि हलक्या हाताने टेकवा. धूळ ओढण्याचं यंत्र असेल तर त्याच्या तोंडाला बारीक नळी जोडून ओढून घेता येतं. मात्र तिथे आधी पेट्रोलची वाफ किंवा सांडलेलं इंधन नाही याची खात्री हवी. हवेचा झोत मारून वस्तू उडवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. वस्तू बाहेर येण्याऐवजी अधिक आत जाते, आणि बाहेर आलीच तर डोळ्याकडे येते.

हेडच्या वरचं झाकण काढून टॅपेट बसवताना नट पडला, तर त्याची वाट निराळी. पुशरॉडच्या किंवा तेल उतरण्याच्या भोकांतून तो थेट खाली, तेलाच्या चेंबरमध्ये जातो. मोटारसायकलमध्ये टायमिंग चेनची पोकळी असते, तिथून जातो. काहीजण म्हणतात, खाली गेला ना, राहू द्या, तेलाच्या पंपाला जाळी आहे. जाळी आहे हे खरं. पण वाटेत तो क्रँकच्या किंवा दात्यांच्या तडाख्यात सापडला तर जाळी काय करणार? तेल स्वच्छ भांड्यात काढून घ्या आणि चेंबर उतरवून पाहा. तेल रानात ओतू नका.

आणि एवढं करूनही वस्तू सापडली नाही, पण ती आत गेली असल्याची शंका उरली, तर हेड उतरवा. हा सल्ला कुणाला आवडत नाही. वेळ जातो, नवं पॅकिंग लागतं, हेडचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या ताणाने आवळावे लागतात. पण पिस्टन, लायनर आणि व्हॉल्व्ह यांच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही.

वस्तू हाती आली तरी घाई नको. ती जोडीच्या वस्तूशी ताडून पाहा. तुकडा निघाला असेल तर उरलेला अजून आत आहे. सगळं बसवून झालं की डिझेल बंद ठेवून, क्रँकच्या नटाला पान्हा लावून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. कुठे अडखळलं तर जोर करू नका. अडखळल्याशिवाय फिरलं, तरच स्टार्टर.

वस्तू पडूच नये म्हणून काय करावं? उघडी भोकं फडक्याने बुजवावीत. फडकं मोठं आणि भडक रंगाचं असावं, त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवावं, नाहीतर फडकंच आत राहून जातं. वाकण्यापूर्वी वरचा खिसा रिकामा करावा. पेन, नाणी, चुन्याची डबी हे सगळं इंजिनात जायला टपलेलं असतं. नट पान्ह्यात ग्रीसने चिकटवून मगच भोकाजवळ न्यावा. आणि काढलेली प्रत्येक वस्तू मोजून, मोठ्याने आकडा उच्चारून थाळीत ठेवावी.

या मोजण्याला तुम्ही क्षुल्लक समजू नका. १८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या डमॅस्कस गावाजवळ, जमिनीखालच्या कोठारात उभ्या असलेल्या एका टायटन-२ क्षेपणास्त्रावर देखभालीचं काम चालू होतं. पान्ह्याच्या टोकाचा साडेतीन किलोच्या आसपास वजनाचा सॉकेट निसटला, सत्तर-ऐंशी फूट खाली गेला, आपटून उसळला आणि त्याने इंधनाच्या टाकीला भोक पाडलं. रात्रभर गळती चालू राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्फोट झाला. एक सैनिक मेला, कित्येक जखमी झाले. त्या क्षेपणास्त्राच्या टोकाशी अण्वस्त्र होतं. ते फुटलं नाही हे जगाचं नशीब. विमानांच्या कारखान्यांत म्हणूनच प्रत्येक हत्याराची आकृती फळ्यावर रेखलेली असते. काम संपल्यावर एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडल्याशिवाय विमान सोडत नाहीत. शस्त्रक्रियेच्या खोलीतही टाके घालण्यापूर्वी कापसाचे बोळे, सुया, चिमटे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी जी यादी दिली, तिच्यात ही मोजणी आहे. नामांकित शल्यवैद्यसुद्धा आठवणीवर विसंबत नाही. तो आकडा ऐकतो.

आणि इथे मला शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलायचे आहेत. मिस्त्रीने मला विचारलं होतं, “सगळं आलं का रे?” या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच ठरलेलं होतं. आपणही वर्गात तेच करतो. धडा संपला की विचारतो, “समजलं ना?” आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, “होऽऽ!” त्या सुरात ज्याला समजलं नाही त्याचाही आवाज असतो. मी वीस वर्षं तो ऐकतो आहे. मिस्त्रीने माझ्या प्रकरणानंतर आपला प्रश्न बदलला होता. तो हाताखालच्या पोरांना म्हणायचा, “मोज आणि आकडा सांग.” आकडा सांगायला थाळीकडे बघावं लागतं. वर्गातही “समजलं ना?” याऐवजी “आता तू सांग बघू” असं म्हटलं, तर काय कमी पडलं आहे ते तिथल्या तिथे कळतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. पोराने येऊन “पडला” असं सांगितलं, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? ‘कुणी पाडला?’ असं आपण ओरडलो, तर पुढच्या वेळी कुणी सांगायला येणार नाही. ‘कुठे पडला?’ असं विचारलं, तर दोघं मिळून शोधायला लागतात. मिस्त्रीच्या गॅरेजात एक पोरगा घाबरत येऊन म्हणाला, “उस्ताद, कॉटर आत गेली.” मिस्त्रीने हातातलं काम खाली ठेवलं, विजेरी उचलली आणि एवढंच विचारलं, “कुठून गेली, दाखव.” ती अर्ध्या तासात निघाली. दोष कुणाचा याची चर्चा त्या दिवशी झालीच नाही. पोराने फडकं लावलं नव्हतं, ते मात्र संध्याकाळी त्याच्याकडून दहा वेळा लावून घेतलं.

आमच्या नानांच्या त्या एका थपडेची किंमत कंदिलाच्या काचेएवढी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. पण म्हणून माझा दोष त्यांच्यावर ढकलता येत नाही. ‘होय’ मी म्हणालो होतो, आणि एका कष्टाळू माणसाचं नाव माझ्यामुळे सहा वर्षं खराब राहिलं. पिस्टन नवा बसला, ट्रॅक्टर पुढे बरीच वर्षं चालला. त्या मिस्त्रीचं आमच्या गावातलं काम मात्र पुन्हा पहिल्यासारखं कधी सुरू झालं नाही.

तेव्हा श्रोतेहो, या हंगामात ट्रॅक्टर, इंजिन, मोटारसायकल, जे काही उघडाल, तिथे एक थाळी, एक भडक फडकं आणि दोरी बांधलेलं एक चुंबक जवळ ठेवा. बसवताना एखादी वस्तू कमी पडली, तर डब्यातली दुसरी काढण्यापूर्वी हात थांबवा. आणि शेजारी थाळी धरून उभ्या असलेल्या पोराकडे एकदा बघा. त्याला काहीतरी सांगायचं असेल.